लगद्याची अंडी

आमच्या घरात अंडं येत नसे. लग्न होऊन मी गोंदियाहून भिलाईला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी हे सांगून टाकलं होतं. रागानं नाही, घरातल्या वेळा सांगाव्यात तसं. नळ सकाळी सहाला येतो, दूधवाला साडेसहाला, आणि या घरात अंडं येत नाही. नवऱ्याला ऑम्लेट खावंसं वाटलं की तो दुर्ग स्टेशनसमोरच्या टपरीवर खाऊन यायचा आणि घरी आल्यावर बडीशेप चघळत बसायचा. सासूबाईंना ते कळत असणार, पण बडीशेपेविषयी त्या कधी काही बोलल्या नाहीत.

म्हणून त्या वर्षी, होळी होऊन थोडेच दिवस झाले होते, माझी थोरली लेक शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, "मम्मी, आपल्याले पचास अंडे बनवाचे आहेत," तेव्हा मी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. सासूबाई तिथेच तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"कायचे अंडे?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"ईस्टरचे. आंटीच्या चर्चमध्ये लावाचे आहेत. मी प्रॉमिस करून देलं."

थोरली तेव्हा नऊ वर्षांची होती आणि धाकटी सहाची. स्मृती नगरातल्या आमच्या घराला लागून, एका भिंतीपलीकडे, एक नर्सबाई राहायच्या. त्या जशपूरकडच्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, माझ्या मुली आंटी म्हणायच्या. त्यांचा नवरा अहिवाऱ्यापलीकडच्या खाणीवर कामाला होता आणि रविवारीच घरी यायचा. त्यांची मुलगी थोरलीच्याच वर्गात होती. दोघी दिवसभर शाळेत बरोबर असत आणि घरी आल्यावर पुन्हा भिंतीवर कोपरं टेकून गप्पा मारत. सिस्टरचं चर्च जुनवानीच्या बाजूला होतं. लहानसं, पुढे पत्र्याचा मांडव घातलेलं. त्या वर्षी ईस्टरची सजावट करायची पाळी सिस्टरची होती. दरवर्षी नाताळातल्याच चमकीच्या झालरी झटकून पुन्हा लावत. या वेळी सगळं मुलांच्या हातून, घरी बनवून घ्यायचं असं सिस्टरनं ठरवलं. छिंदीच्या, म्हणजे शिंदीच्या, पानांची फुलं आणि रंगवलेली अंड्यांची टरफलं. फुलं सिस्टरच्या लेकीकडे आली आणि अंडी माझ्या लेकीनं स्वतःहून अंगावर घेतली.

"प्रॉमिस करून देलं," सासूबाई म्हणाल्या. "घर कोणाचं आहे ते विचारलं का?"

थोरलीनं माझ्याकडे पाहिलं. मी तांदळाकडे पाहिलं.

संध्याकाळी सिस्टर स्वतः आली. बहुतेक तिच्या मुलीनं सांगितलं असावं. ड्युटीवरून आली तशीच, पांढऱ्या साडीत, दारात उभी राहिली. "दीदी, बच्ची लोग आपस में तय कर लिए. आप परेशान मत होइए, अंडा मेरे घर में ही बन जाएगा."

सासूबाईंचं आणि सिस्टरचं बरं जमायचं. सिस्टर दर पंधरा दिवसांनी त्यांचं ब्लडप्रेशर बघून जायची आणि सासूबाई तिला आंबाडीची भाजी पाठवायच्या. त्यांनी तिला बसायला लावलं आणि विचारलं, "पण बाई, तुमच्या देवाले अंडं कायले लागते?"

"देव को नहीं लगता माताजी," सिस्टर हसली. मग तिनं तिच्या हिंदीत सांगितलं, की प्रभूला कबरीत ठेवलं, वर मोठा दगड लावला, आणि तिसऱ्या दिवशी बाया बघायला गेल्या तर दगड बाजूला होता आणि कबर रिकामी. "अंडा बाहर से पत्थर जैसा लगता है ना. लेकिन अंदर से जिंदगी निकलती है."

सासूबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "अन् तुम्ही हे जे उपास करून राहिल्या, हे किती दिवसाचे?"

"चालीस दिन."

"चाळीस!" सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी लपवलं होतं. "अन् आपण एकादशीले साबुदाणा खाऊन दुपारी झोपतो."

सिस्टर जायला उठली तेव्हा सासूबाईंनी निकाल दिला. खरं अंडं घरात येणार नाही. टरफलही नाही. पण कागदाचं अंडं केलं, तर त्याला त्या कशाला नाही म्हणतील? त्यांच्या माहेरी, भंडाऱ्याकडे, बाया जुना कागद भिजवून, कुटून, त्यात मेथीचं पीठ घालून टोपल्या करायच्या. मेथीमुळे किडा लागत नाही आणि लगदा चिकट होतो. "टोपली होते तर अंडं कावून नाही होणार?"

दुसऱ्या दिवशी अंगणात दोन बादल्या भरून वर्तमानपत्रं भिजत पडली. सासूबाईंनी मेथी भाजून दळली. तिसऱ्या दिवशी लगदा तयार झाला, करडा, जड, कडवट वासाचा. शाळेतून आल्या आल्या माझ्या दोघी आणि सिस्टरची लेक अशा तिघी बसल्या आणि लाडू वळावे तशी अंडी वळू लागल्या. हातातून घसरत, चपटत, एका बाजूला टेंगूळ येत अशी वीसेक अंडी त्यांनी पाटावर मांडली.

मामाजी व्हरांड्यात खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. माझे सासरे. त्यांनी पेपर खाली केला, पाटाकडे बघितलं आणि म्हणाले, "हे अंडे नाहीत. बटाटे आहेत."

मामाजी एवढं बोलले हीच मोठी गोष्ट होती. त्यांना रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. इथल्या स्टील प्लांटच्या पॅटर्न शॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा हुबेहूब आकार लाकडात करावा लागतो. तो लाकडी आकार रेतीत दाबून काढला की रेतीत जी जागा राहते, तिच्यात लोखंड ओततात. ते लाकडाचं काम मामाजी करायचे. चाकं, दाते, वाकड्या नळ्या, माणसाएवढे घाट. प्लांटचं क्वार्टर सोडून स्मृती नगरातल्या स्वतःच्या घरात आल्यावर त्यांनी हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली आणि मग ती उघडली नाही. ते कोणाशी भांडत नसत, रागावतही नसत, पण बोलायचेही नाहीत. विशेषतः आपल्या मुलाशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी. "जेवण झालं का", "बिल भरलं का", यापलीकडे दोघांचं काही नव्हतं.

त्यामागे एक जुनी गोष्ट होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात नवऱ्यानं ती मला हसत हसत सांगितली होती, पण हसण्यासारखी ती नव्हती. पॅटर्न करणाऱ्यांची एक वेगळी पट्टी असते. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकूड जरा मोठंच कापावं लागतं. त्या पट्टीवरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा असतो, म्हणजे हिशेब करायला नको. नवरा सातवीत असताना एकदा त्याची पट्टी हरवली आणि त्यानं बाबांच्या पेटीतली ही पट्टी शाळेत नेली. भूमितीच्या परीक्षेत त्याच्या सगळ्या रेषा चुकल्या. वर घरी येताना धक्काबुक्कीत पट्टीचा कोपरा तुटला. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मामाजींनी त्याला फार मारलं. आणि सांगितलं, पुन्हा माझ्या पेटीला हात लावायचा नाही. त्यानं लावला नाही. सुताराचंच काय, घरात खिळा ठोकायचं कामही तो कधी करत नसे. पुढे तो रेल्वेत, दुर्गच्या ऑफिसात कारकून झाला.

तर ते बटाटे बघून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, तेव्हा व्हरांड्यात रंध्याचा आवाज येत होता. पेटी उघडी होती. मामाजी खाली मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या पायाशी सागवानाचे पातळ, गुंडाळलेले काप पडले होते. वास सगळ्या घरात गेला होता. सासूबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. चहा द्यायचं विसरूनच गेल्या होत्या.

त्यांनी अंड्याचा अर्धा भाग केला होता. उभा कापलेला, खाली सपाट, वर असा गोल की बोट फिरवलं तर कुठे अडत नव्हतं. मुलींना बसवून त्यांनी दाखवलं. लाकडाला तिळाचं तेल लावायचं, वरून लगदा सारख्या जाडीचा थापायचा, उन्हात ठेवायचं. वाळला की अर्धं टरफल लाकडावरून अलगद सुटून येतं. अशी दोन टरफलं जोडली की झालं अंडं, आतून पोकळ, हलकं.

पहिलं टरफल दुसऱ्या दिवशी सुटलं. पण ते लहान आणि वाकडं आलं होतं. थोरली हिरमुसली. मामाजी मात्र खूश झाले. मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. "आकसलं!" ते म्हणाले. "पाह्य बरं, हे बी आकसते. लोखंडासारखंच. याच्यापेक्षा जास्तच!" त्यांनी टरफल मोजलं, पेपरच्या कडेला आकडे लिहिले आणि दुसरं लाकूड जरा मोठं कापलं. त्या संध्याकाळपर्यंत असे सहा अर्धगोल तयार झाले.

मग ते दिवस सुरू झाले, ज्यांची आठवण माझ्या मुली अजून काढतात. शाळा आता सकाळची झाली होती. दुपारी जेवून तिघी व्हरांड्यात यायच्या. सासूबाई खलबत्त्यात लगदा कुटून द्यायच्या. शेवटच्या आठवड्यात सिस्टरची मुलगी छिंदीची पानं घेऊन यायची आणि मधूनमधून त्यांच्या घड्या घालत फुलं, पोपट, साखळ्या करायची. ते तिला तिच्या गावच्या आजीनं शिकवलं होतं. खजूर इतवारला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमध्ये सगळ्यांनी छिंदीच्या फांद्या हातात धरल्या होत्या, त्यातल्याच उरलेल्या फांद्या सिस्टरनं सायकलरिक्षात टाकून घरी आणल्या होत्या. एप्रिलचं ऊन कडक होतं. गच्चीवर टरफलं ओळीनं वाळत, आणि कावळ्यांना हाकलायचं काम धाकटीला मिळालं होतं. कावळ्यांनाही ती अंडीच वाटत होती बहुतेक.

पण मामाजी शेवटी प्लांटचे माणूस. त्यांनी एक बुटाचा खोका ठेवला आणि त्यावर पेन्सिलीनं लिहिलं, रिजेक्ट. ज्या टरफलाला खड्डा पडे, ज्याची कड तुटकी निघे, ते न बोलता त्या खोक्यात जाई. थोरलीला यात मजा वाटायची. ती चुका सुधारत गेली. धाकटीचे हात मात्र लहान होते. एका दुपारी तिची चार टरफलं एकामागून एक खोक्यात गेली. ती उठली, हात फ्रॉकला पुसले आणि काही न बोलता सिस्टरच्या घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशीही आली नाही.

त्या दिवशी मामाजी दोनदा गेटपर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा मात्र बाहेर पडले आणि सिस्टरच्या दारात जाऊन उभे राहिले. तीन वर्षं शेजारी राहून त्या दारात ते पहिल्यांदाच गेले होते. मी भिंतीपलीकडून ऐकत होते.

"शिफ्ट चालू झाली," ते म्हणाले. "तू कावून नाही आली?"

"मले रिजेक्ट केलं ना तुम्ही," आतून धाकटीचा आवाज आला.

"तुले कोण करते? अंड्याले केलं."

"वो अंडा मैंने ही बनाया था."

धाकटी चिडली की हिंदीवर जायची. मामाजी दोनदा खाकरले. मग ते म्हणाले, "असं कर. आजपासून इन्स्पेक्शन तुह्याकडे. पास का फेल, तूच सांगजो. मी नाही बोलणार."

धाकटी परत आली. पाय पसरून रिजेक्टच्या खोक्यासमोर बसली, त्यातलं एकेक टरफल हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, "पास." पुढचं. "पास." एक तर मधोमध चेपलेलं होतं, कोणीतरी त्यावर बसल्यासारखं. ते तिनं जरा जास्त वेळ बघितलं. "पास." मामाजींनी ओठ घट्ट मिटले होते. सासूबाई खलबत्ता थांबवून तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या दिवसापासून आमच्या अंगणात एकही अंडं फेल झालं नाही.

गुड फ्रायडेच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ. नवरा ऑफिसातून आला, स्कूटर लावली आणि व्हरांड्याच्या पायरीवर थांबला. थोरली दोन टरफलांच्या कडा जुळतात का ते मोजत होती. तिच्या हातात ती पट्टी होती, कोपरा तुटलेली, पिवळी पडलेली. मामाजी तिच्या खांद्यावरून वाकून सांगत होते, "या पट्टीले सीधी पट्टी समजू नको बेटा. हे जरा खोटं बोलते, पण कामाचं खोटं बोलते." थोरली हसली. नवरा बूट काढून सरळ आत गेला.

मी चहा घेऊन गेले तर तो पलंगावर बसला होता. चहा घेतला नाही.

"पाहिली का ती पट्टी?" तो म्हणाला.

"पाहिली."

"मले वाईट नाही वाटून राहिलं. पोरीले देली, चांगलंच झालं." तो थांबला. "फक्त, मी बी नऊ-दहा वर्षांचा होतो कधीतरी. माह्यासाठी नव्हती का ती पेटी?"

मी जे पटकन तोंडात आलं ते बोलले. "जाऊ द्या ना. म्हातारे झाले ते आता."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "म्हातारे झाले म्हणून नाही देली त्यायनं. पोरी आवडतात म्हणून देली."

मी कप उचलून परत नेला. पुढे कितीतरी दिवस मला माझं ते वाक्य आठवून चुटपुट लागत राहिली, की मी नुसतं शेजारी बसायला हवं होतं, समजूत काढायला नको होती.

गुड फ्रायडेची सुट्टी होती. सकाळीच सिस्टर तिन्ही मुलींना घेऊन चर्चमध्ये गेली, खांबांना छिंदीच्या साखळ्या बांधायला. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. मी पोळ्या करत होते. व्हरांड्यात मामाजी एकटेच शंभर अर्धी टरफलं समोर घेऊन बसले होते. त्यांना जोडायचं काम होतं. दोन भाग घट्ट धरायचे, फटीवरून कागदाची पट्टी खळीत बुडवून चिकटवायची. खिडकीतून मला ते दिसत होते. त्यांनी एक जोडायचा प्रयत्न केला, घसरलं. दुसरं केलं, घसरलं. तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं की त्यांचा उजवा हात थरथरतो. इतके दिवस त्यांनी ते लाकडात लपवलं होतं. हत्यार धरलं की हात स्थिर राहायचा, हलक्या कागदावर मात्र राहत नव्हता.

नवरा आतल्या खोलीत पेपर वाचत होता.

"ऐकून राहिला का," मामाजींनी हाक मारली. "जरा इकडे ये."

तो उठून दारात आला.

"हात लाव बरं जरा. माहा हात हालून राहिला."

तो उभाच राहिला. तव्यावरची पोळी करपली तरी मी उलटली नाही. मग त्यानं पायजमा वर ओढला आणि वडिलांसमोर खाली बसला.

त्यानंतर कितीतरी वेळ तेवढंच ऐकू येत होतं. "दाबून धर." "धरलं." "अजून जरा." "धरलं ना." "सोड." मध्ये कधी खळीच्या वाटीचा आवाज. पोळ्या संपल्या, मी भाजी फोडणीला टाकली. आणि तेव्हा मामाजी बोलले. मोठ्यानं नाही, पण खिडकी उघडी होती.

"ती पट्टी प्लांटची होती. घरी आणाची नव्हती. मी आणली होती."

नवऱ्यानं पुढचं टरफल उचललं.

"कोपरा तुटला तेव्हा फोरमनले सांगतलं, माह्याच हातून पडली. त्यानं शॉपातल्या सगळ्या पोरांसमोर लय सुनावलं मले. घरी आलो अन् तुले मारलं. मंग ते पट्टी भंगारात गेली, तेव्हा मीच मागून आणली."

"मले कधी सांगतलं नाही तुम्ही."

"एकदा मारल्यावर मंग काय सांगाचं?" मामाजी म्हणाले. "धर. सुटून राहिलं ते."

"धरलं," नवरा म्हणाला. मी कांदा चिरायला घेतला, गरज नव्हती तरी.

मुली दुपारी परत आल्या तेव्हा पन्नास अंडी जोडून झाली होती आणि बापलेक दोघंही, हात खळीनं माखलेले, भिंतीला टेकून बसले होते. थोरली म्हणाली, "पप्पा, तुम्हाले येते हे?" तो म्हणाला, "आजच शिकलो."

शनिवारी रंग झाले. होळीला सासूबाईंनी पळसाची फुलं उकळून रंग केला होता, तशी अजून एक पिशवीभर सुकी फुलं शिल्लक होती. ती पुन्हा उकळली. केशरी त्याचा, पिवळा हळदीचा, आणि उरलेला गुलाल पाण्यात कालवून गुलाबी. सिस्टरनं हॉस्पिटलातून येताना निळीची पुडी आणली. धाकटीनं चेपलेल्या अंड्याला चारही रंग दिले, त्यामुळे ते मातकट झालं आणि तिला ते सगळ्यात सुंदर वाटलं.

ईस्टरच्या सकाळी आम्ही सगळे गेलो. सासूबाई येतील असं मला वाटलं नव्हतं. पण त्या नवी साडी नेसून, अंड्यांची एक टोपली मांडीवर घेऊन रिक्षात माझ्याआधी बसल्या होत्या. चर्चचे लोक पहाटेच कब्रस्तानात मेणबत्त्या लावून आले होते आणि मांडवात चहा पीत उभे होते. नवऱ्यानं शिडी धरली, मामाजींनी वर कुठे काय बांधायचं ते खालून सांगितलं, मुलींनी दोऱ्यात ओवलेली अंडी दिली. छिंदीच्या हिरव्या साखळ्यांमध्ये केशरी, पिवळी, गुलाबी, निळी अंडी लोंबू लागली. वारा आला की ती एकमेकांवर आपटत आणि कोरडा, हलका टकटक आवाज होई. सिस्टर खाली उभी राहून वर बघत होती. डोळे पुसत होती की ऊन लागत होतं, कळलं नाही. तिचा नवरा तेवढ्यात खाणीवरून आला होता. तो मामाजींना म्हणाला, "चाचा, ये तो फैक्टरी का माल लगता है." मामाजींना यापेक्षा मोठं बक्षीस कोणी दिलं नसेल.

प्रार्थना झाली, गाणी झाली. पास्टरसाहेबांनी समोरून आमच्या घराचे आभार मानले, तेव्हा मामाजी आपल्या चपलांकडे बघत बसले. नंतर केक वाटला. सासूबाईंनी बशी हातात घेतली आणि हळूच विचारलं, "बाई, इसमें अंडा है क्या?"

"है माताजी," सिस्टर म्हणाली, आणि तिनं आधीच बाजूला ठेवलेला डबा उघडला. "आपके लिए अरसा बनाई हूँ. चावल और गुड़ का." सासूबाईंनी दोन खाल्ले आणि दोन पदराच्या टोकात बांधून घरी आणले.

पुढे चार वर्षं आमच्याच अंगणात ईस्टरची तयारी होत राहिली. मुलांची संख्या वाढत गेली. गल्लीतली, चर्चमधली, मधेच सुट्टीला आलेली कोणाची भाचरं. नंतर सिस्टरची बदली झाली, आणि रिटायर झाल्यावर ती आपल्या जशपूरच्या गावी गेली. ईस्टरला तिचा फोन येतो. ती पहिल्यांदा मामाजींची आठवण काढते. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. थोरली पुण्यात आहे, धाकटी बेंगळुरूला. घरी बोलायला कोणी नसल्यानं दोघींची मराठी आता हिंदीपेक्षा इंग्रजीत जास्त मिसळते, पण फोनवर "कावून" मात्र तेवढ्याच ठसक्यात येतो.

मला मात्र ईस्टरनंतरचा तो उन्हाळा जास्त आठवतो. मे महिन्यात कूलरचा जुना स्टँड गंजून मोडला आणि मामाजी म्हणाले, लाकडाचा करू. नवरा म्हणाला, लोखंडी अँगलचा करू, लाकूड पाण्यानं सडेल. मामाजी म्हणाले, सागवान कधी सडतं का? नवरा म्हणाला, रोज पाणी पडल्यावर काय नाही सडत? दोन दिवस त्यावर वाद चालला. अंगणात, जेवताना, गेटवर. तिसऱ्या दिवशी आवाज इतके चढले की समोरच्या घरातून कोणीतरी डोकावलं. मी घाबरून सासूबाईंकडे गेले आणि म्हटलं, "तुम्ही थांबवा ना त्यांले, भांडून राहिले दोघं."

त्या भिंतीला टेकून पंख्याखाली बसल्या होत्या. डोळे मिटलेले होते.

"भांडू दे," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांनी बोलून राहिले."